वरचा पीळ

दव अजून पानांवर असतानाच ओनोरीन चर्चच्या मागच्या कुंपणात शिरायची. फिर्मां, तिचा नवरा, त्या वेळी झोपेत असे. पायांत लाकडी बूट, खांद्यावर शाल, आणि तोंडातून निघणारी वाफ पुढे पुढे चाललेली. हेझलच्या झुडपांचे सरळसोट फोक तिथे दाटीवाटीनं वाढलेले असत आणि प्रत्येकाला हनीसकलच्या वेलीनं विळखा घातलेला असे. कोपऱ्यातला फोक फिर्मांच्या नावाचा. ओनोरीन त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसे, मग उठे, मग टाचा उंच करी, आणि हात पोचेल तिथपर्यंत वेलीचा एकेक वेढा सैल करत जाई. तोडत नसे. तोडली असती तर वेल वाळली असती आणि फिर्मांला कळलं असतं. ती फक्त बोटभर ढील देई. सालीवर उमटू लागलेला लालसर वळ अंगठ्यानं चोळून पुसे, पोराच्या पोटावरचा नाडीचा वळ आई चोळते तसा. आणि कुणी उठायच्या आत घरी येऊन दूध तापवत बसे.

दर वसंतात ती हे करत आली होती, आणि त्याला कारण होतं. ती काठी तयार झाली की फिर्मां जाणार होता.

पेरब्रून हे गाव ओब्राकच्या पठारावर आहे. झाडं कमी, गाई फार, आणि वारा कायमचा मुक्कामाला. स्पेनच्या टोकाला असलेल्या संत जाकच्या देवळाकडे जाणारी पायवाट गावातून जाते. गावचा माणूस त्या वाटेनं निघायचा तर विकतची काठी घेऊन निघत नाही. आधी कुंपणातला एक फोक त्याच्या नावानं ठरतो. त्याला वेल बांधतात. वेल वाढते, आवळते, फोकात रुतते, आणि सात-आठ वर्षांनी त्या लाकडाला दोरखंडासारखा पीळ पडतो. मगच तो कापायचा. तोवर नवस थांबतो, देवही थांबतो. संत जाकला घाई नाही, असं तिथले म्हातारे म्हणत. तो दगडाचा आहे.

त्या काठीला तिथे बूर्दों म्हणतात. पण बूर्दों म्हटलं की काय म्हणायचंय, हे पेरब्रूनमध्ये बोलणाऱ्याच्या अंगावरून ओळखावं लागे. हात जमिनीकडे टेकल्यासारखा झाला तर काठी. हनुवटी मनोऱ्याकडे गेली तर चर्चची थोरली घंटा. कानाशी बोटं फिरली तर भुंगा, जून महिन्यात हनीसकलच्या फुलांवर लोळणारा, केसाळ, काळापिवळा. कोपर बरगडीवर दाबलं तर काब्रेत या कातडी पिशवीच्या वाद्यातली एकसुरी नळी. आणि बोलणारा कुठेच बघत नसेल, तर कुणाच्या तरी मनाला लागलेली उदासी. ओनोरीनच्या वाट्याला हे सगळेच आले होते. फिर्मां म्हणायचा, "बाई एक आणि गुणगुण पाच."

काठ्यांचं कुंपण आणि घंटेचा दोर तिला बापाकडून मिळाला. बाप, ओगुस्त, घंटा वाजवायचा आणि वेली बांधायचा. ती विशीत यायच्या आत तो स्वतःच्या नावाची काठी घेऊन निघाला. पुढच्या वर्षी एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला. त्याच्या हातात ती काठी होती. माणूस फारसं बोलला नाही. त्यानं सूप प्यायलं, काठी चुलीशेजारी उभी केली आणि गेला. आई म्हणाली, "निदान काठीला घर सापडलं." तेव्हापासून ओनोरीनला वाटे, काठ्या परत येतात, माणसांचं सांगता येत नाही.

दुसऱ्यांसाठी मात्र तिनं कधी हात आखडता घेतला नाही. कुणाची बायको, कुणाचा मुलगा, शेजारगावचा फादर, सगळ्यांच्या वेली तिनं नीट आवळल्या, सगळ्यांना पिळदार काठ्या दिल्या. ढील दिली ती एकाच फोकाला.

फिर्मां गुराखी. उन्हाळाभर वरच्या कुरणात दगडी खोपीत राहायचं, गाई पिळायच्या, चीज करायचं. भरड आवाजाचा, उंच, सावकाश माणूस. संध्याकाळी काब्रेत वाजवी. त्याला छातीतला वारा लागत नाही, काखेतल्या भात्यानं पिशवी भरते, म्हणून खोकल्याच्या दिवसांतही त्याचं वाजवणं चाले. वाद्याची एकसुरी नळी त्याच्या बापानंच बुचानं बंद केली होती; त्या भागात बरेच जण ती बंदच ठेवतात. "ती मुकी असू दे," फिर्मां म्हणे. "घरात गुणगुणायला तू आहेस."

त्याचा नवस झाला तो एका मार्चात. खोपीचं छप्पर हिवाळ्यात टिकलं का, हे बघायला तो एकटा वर गेला होता. दुपारीच आभाळ खाली आलं आणि एसीर सुटला. एसीर म्हणजे तिथला बर्फाचा वारा. तो वरून पडत नाही, जमिनीवरून उठतो, आणि माणसाला स्वतःचे गुडघे दिसेनासे होतात. पेरब्रूनचा नियम आहे: धुकं किंवा एसीर असला की थोरली घंटा वाजवायची, आणि बाहेरचा शेवटचा माणूस घरी येईपर्यंत थांबायचं नाही. ओनोरीननं दोर धरला. ती अंगानं लहान. थोरल्या घंटेचा दोर वर जाताना तिच्या टाचा उचलून नेई, म्हणून ती दोन ओढी घेई आणि एक श्वास थांबे. दोन ओढी, एक श्वास. गावातलं शेंबडं पोरही तो हात ओळखायचं. तळहातांची सालं निघाली, दोर चिकट झाला. शेवटी दार ढकलून पांढरंफटक काहीतरी आत पडलं आणि ते खोकलं. तो फिर्मां होता.

दोन गोधड्यांखाली त्याचे दात वाजायचे थांबले तेव्हा तो म्हणाला, "संत जाकनं वाचवलं गं."

"कुणी?"

"संत जाकनं. मी बर्फात बसूनच गेलो होतो. त्याला म्हटलं, वाचलो तर तुझ्या दारापर्यंत चालत येईन. आणि तेवढ्यात घंटा ऐकू आली."

ओनोरीननं दोन्ही तळहात त्याच्या नाकासमोर धरले. "हा बघ तुझा संत जाक. सोलून निघालाय बिचारा."

फिर्मां हसला, हसता हसता खोकला. "अगं, वाजवणारी तू. पण ऐकवणारा तो."

"मग सूपही तोच भरवील," ती म्हणाली आणि वाटी घेऊन उठली. दारापर्यंत जाऊन परत आली, कारण सूप गार होत होतं.

बर्फ वितळल्यावर त्यानं कोपऱ्यातला फोक निवडला. नवसाच्या माणसासमोर वेल बांधावी लागते. तिनं ती बांधली, आणि पहिल्याच पहाटे सैल केली.

काळ पठारावर ढगाच्या सावलीसारखा जातो. बघत बसलं तर हलत नाही, आणि नजर काढली की टेकडीपल्याड. गाई फुलांच्या माळा घालून वर गेल्या, खाली आल्या. सात वर्षं झाली, आठ झाली. नाक्यावर कॅफे चालवणारी सिदोनी ही ओनोरीनची लहानपणची मैत्रीण. देह थोराड, जीभ त्याहून मोठी. ती म्हणायची, "अगं, गाय नऊ महिन्यांत विते. तुझी काठी किती वर्षं गाभण ठेवणारेस?"

"जमीन थंड आहे त्या कोपऱ्यात."

"जमीन थंड! शेजारच्या फोकातून दोघं स्पेनला जाऊन आले."

फिर्मां नुसता ग्लास फिरवत बसे. जूनमध्ये तो कुंपणाशी जाऊन उभा राही. हनीसकल फुललेली असे, वास गोड आणि जड, आणि भुंगे एका फुलातून दुसऱ्यात धडपडत असत. तो डोळे मिटून ऐके. ओनोरीन खिडकीतून त्याची पाठ बघे. वाटे, आत्ता हा वळेल आणि विचारील. तो वळे आणि म्हणे, "जेवायला काय आहे?"

हिवाळ्यात ती कुंपणाकडे फिरकत नसे. तशी रीतच होती. नोव्हेंबरातल्या संतांच्या सणापासून बर्फ वितळेपर्यंत कुंपण कापणाऱ्याचं. वेल बांधणाऱ्यानं तिथे पाय ठेवायचा नाही, नाहीतर काठी वाटेत मोडते म्हणतात. उतरता चंद्र बघून कापण्याचं काम फिर्मांकडे होतं. रीत ओनोरीनच्या सोयीची होती. आपण केलेलं उघड्या, पानं नसलेल्या झाडावर बघायची वेळ तिच्यावर येत नसे.

मग एका शरदात तिच्या लक्षात आलं की वेशीवरच्या दगडी क्रूसापर्यंत जाताना फिर्मां मध्ये थांबतो. बूट झाडल्यासारखं करतो, पण बुटात काही नसतं. पुढे काब्रेत खुंटीला टांगलेली राहू लागली. तो खिडकीशी बसे आणि वाट जिथे आभाळात शिरते तिथे बघे. आलिगो हा त्याचा जीव की प्राण. बटाट्यात ताजं चीज घोटून ती डावानं उंच तार काढी. पूर्वी तो त्या तारेखाली तोंड धरायचा. आता म्हणे, "ठेव, खातो."

"त्याला बूर्दों लागलाय," सिदोनी म्हणाली. बोलताना ती कुठेच बघत नव्हती.

"वय झालं."

"वय मलाही झालंय. मी कधी खिडकीशी बसले? त्याला जायचं होतं गं. आणि आता जाणं त्याच्याच्यानं होईल का, असं त्याला वाटायला लागलंय."

त्या दिवसापासून भुंगा ओनोरीनच्याही डोक्यात शिरला. चूल पेटवताना, दूध गाळताना तो फिरत राही. वाटेनं माझ्यापासून नेऊ नये म्हणून मी याला धरून ठेवला. धरून ठेवता ठेवता म्हातारा केला. वेळेवर निघाला असता तर चालून आला असता. आता गेला तर? आणि नाही गेला, तर हा खिडकीतला माणूस तरी कुठे माझ्याजवळ आहे?

पुढच्या वसंतात ती पहाटे कुंपणात गेली. गुडघ्यांवर बसली. हात वेलीवर ठेवले. वेल थंड होती, ओली होती, आणि बोटांखाली तिची आवळायची धडपड जाणवत होती, झोपेतल्या मुलाच्या मुठीसारखी. ओनोरीन तशीच बसून राहिली. मग तिनं हात काढून घेतले, एप्रनला पुसले आणि घरी आली. त्या वर्षी ती पुन्हा गेली नाही. आता यापुढे पीळ पडायचा तर आणखी सात वर्षं. तिला ठाऊक होतं की उशीर झालाय. पण हात काढून घेण्यापलीकडे तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

हिवाळा आला. जानेवारीच्या उतरत्या चंद्रात, एका स्वच्छ सकाळी, फिर्मां बर्फ झाडत आत आला आणि त्यानं टेबलावर एक काठी ठेवली.

ओनोरीन कांदे चिरत होती. सुरी थांबली. काठीचा खालचा अर्धा भाग गुळगुळीत होता, क्वचित कुठे फिकट वळ, जन्मखुणेसारखा. वरच्या अर्ध्याला मात्र खोल, घट्ट, एकसारखा पीळ होता, दोरखंडासारखा.

"ही कुणाची?" तिनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"कोपऱ्यातली. कमरेपासून वर कापली. बुंधा जाड झाला होता."

"पण वरती..."

"तुझा हात कुठपर्यंत पोचतो, ओनोरीन?"

तिनं सुरी खाली ठेवली. फिर्मांनं खुर्ची ओढली आणि तो सावकाश बसला. "खालचं तुझं," तो म्हणाला. "वरचं माझं. तू वसंतात सोडायचीस. मी हिवाळ्यात, कापायला गेलो की, वरचे वेढे आवळून यायचो. उन्हाळ्यात पानांत काय दिसतंय? आणि तू कधी वर मान करून बघितलंच नाहीस."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं!" ओनोरीनचा आवाज चढला. लाज वाटायची वेळ होती, पण तिला आला राग. "आणि गप्प बसलास? मी चोरासारखी अंधारात उठत होते, गुडघे गेले माझे!"

"पांघरूण गार पडायचं ना. मला जाग यायची."

"मग काठी कधीच तयार झाली असेल!"

"झाली, दोन वर्षं झाली."

"आणि तू खिडकीत बसून राहिलास! मला वाटलं, हा संपला."

"बसलो होतो." तो काठीवरून हात फिरवत होता, पीळ जिथे सुरू होतो तिथे अंगठा थांबवत. "तू अजून सोडत होतीस. तू नको म्हणत असताना कसा जाणार? विचारलं असतं तर तू तोंडानं हो म्हणाली असतीस. हातानं काय म्हणतेस ते मी बघत होतो. यंदा गेलो तर खालीही वेल घट्ट होती. म्हटलं, निघायला हरकत नाही."

ओनोरीननं पुन्हा सुरी उचलली. मग तिनं कांद्याला दोष देत डोळे पुसले. "मी थांबले म्हणून तू निघालास, होय?"

"हो."

"फार शहाणा आहेस," ती म्हणाली. "क्रूसापर्यंत जाताना बूट झाडतोस. स्पेनपर्यंत किती वेळा झाडशील?"

"काठी आहे ना आता."

काठी जूनपर्यंत चुलीच्या धुरात टांगलेली होती. फिर्मां रोज थोडं थोडं चालू लागला, आधी नाक्यापर्यंत, मग क्रूसापर्यंत, मग त्याच्या पुढे. आलिगोची तार परत त्याच्या तोंडात पडू लागली. ओनोरीनला ते बघवत होतं आणि बघवत नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो काठीच्या टोकाला लोखंडी खिळा ठोकत होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मी गेल्यावर थोरली घंटा वाजवू नकोस. निदान मी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत. तुझा हात ऐकला की हे पाय घराकडे वळतील. त्यांना तेवढंच येतं. त्या दिवशी बर्फात मला दिसत काही नव्हतं, पाय आपोआप चालले."

"आणि धुकं आलं तर?"

"जूनमध्ये कसलं धुकं!"

सकाळी चर्चच्या दारात फादरनं काठीवर पाणी शिंपडलं. घरच्यांनी शेवटच्या पाणवठ्यापर्यंतच जायचं असतं, पुढे नाही. तिथे फिर्मां थांबला. तिच्या शालीचं टोक नीट केलं.

"काठी परत पाठवू नकोस," ओनोरीन म्हणाली. "घेऊन ये."

"बरं," तो म्हणाला आणि निघाला.

ती घरी येऊन टेकतेय तोच उजेड बदलला. खिडकीबाहेर पठाराची कड पुसट झाली, मग क्रूस गेला, मग शेजाऱ्याचं छप्पर. धुकं लोकरीसारखं आत घुसत होतं. सिदोनी धापा टाकत दारात आली. "ओनोरीन, घंटा! पियुश गुराख्याची मुलं गाई घेऊन वर गेलीत. वाटेवर आणखी कोण कोण असतील."

दोघी मनोऱ्याखाली पोचल्या. ओनोरीननं दोर हातात घेतला. तो तिच्या तळव्यांना ओळखत होता, तिच्याच हातांनी गुळगुळीत झालेला. फक्त ओढायचं होतं. दोन ओढी, एक श्वास, आणि तो येईल. दोष तिच्याकडे नाही. नियमच आहे, धुक्यात घंटा वाजवायची. तो दारात उभा राहील, केसांत दव घेऊन, आणि ती म्हणेल, मी काय करणार, धुकं आलं. तिची बोटं आवळली गेली.

"अगं ओढ ना! पोरं बाहेर आहेत!"

ओनोरीननं दोर सिदोनीच्या हातात दिला. "तू वाजव."

"मी? मी जन्मात वाजवली नाही!"

"गोधडी झटकतेस ना? तशी ओढ. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

सिदोनीनं सगळं वजन टाकलं. थोरली घंटा दचकल्यासारखी वाजली, मग दोनदा घाईनं, मग बराच वेळ नाहीच, मग एकदम धाडकन. दारुड्यानं जिना उतरावा तशी. ओनोरीनला ते सहन होईना. शिकवायला हात शिवशिवत होते. तिनं ते शालीत गुंडाळले आणि ती कुंपणात जाऊन उभी राहिली.

कोपऱ्यात फोकाचा बुंधा कमरेइतका उरला होता. वेलीला धरायला काही न मिळाल्यामुळे ती हवेत हात पसरून होती, आणि तरीही फुलली होती. धुक्यातही एक भुंगा आला होता. दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, घंटेच्या दोन वेड्यावाकड्या ठोक्यांमधल्या जागेत. मग तिच्या मनात आलं, दुसऱ्याचा हात ऐकून फिर्मां काय समजेल? ओनोरीन पडली, आजारी झाली, असं वाटलं तर? ती वाटेकडे कान लावून राहिली. खिळ्याची टकटक येईल. येईल म्हणून ती घाबरली, आणि येत नाही म्हणूनही. एकदा पावलं आली. पियुशची मुलं होती, गाईच्या शेपट्या धरून, हसत. "कोण वाजवतंय हे? सिदोनीमावशी?" एक जण म्हणाला. "डोंगरातून सगळ्यांना कळतंय!"

दुपारी धुकं पातळ झालं आणि गवतातून उठून गेलं. ओनोरीन पाणवठ्यापर्यंत गेली. तिथे क्षणभर थांबली, आणि जिथे घरच्यांनी जायचं नसतं तिथून पुढे क्रूसापर्यंत चालत गेली. माती ओली होती. काठीच्या खिळ्याची भोकं वाटेच्या कडेनं, एका पावलाआड एक, नीट चालली होती. क्रूसापाशी मात्र ती दाटली होती. एकाच जागी, एकमेकांत मिसळलेली, गावाकडे वळलेल्या बुटांच्या ठशांपुढे. तो इथे उभा राहिला होता. बराच वेळ. काठी उचलत, टेकवत, ऐकत.

ती वाकली. त्या गिचमिडीतून एक भोक पुढे गेलं होतं, आणि त्याच्या पुढे आणखी एक, ओढ्याकडे. बूटही तिकडेच वळले होते.

ओनोरीननं त्या पहिल्या भोकात बोट घातलं. आत पाणी साचलं होतं, थंड. खाली गावात सिदोनी अजून घंटा बडवत होती. थांब म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ओनोरीनला हसू आलं. ती उठली, एप्रनला बोट पुसलं, आणि मैत्रिणीच्या हातातून दोर घ्यायला उतरणीला लागली.